मिनिटाला किती थेंब

२७ मार्च २०१६, रविवार

वही पंपाची हाय. पुढून पंपाची, मागून माझी!

सिंधु म्हणाली, "आजी, दिवसभर एकटी बडबडत बसतीस, त्यापरीस लिहीत जा. पुढची पानं माझी, मागची तुझी. मी तुझी वाचणार न्हाई." मी म्हणलं, वाच की! माझं अक्षर वाचणं म्हणजे ज्वारीतले खडे निवडणं.

लिहायला मी उशिरा शिकले. लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या मागून आठ-धा वर्षांनी गावात साक्षरतेचा वर्ग आला, तवा. सिंधु मांडीवर असायची. मी 'क' काढायची आणि ती पाटी चाटायची. पेन्सिल खायची, खडू खायची, भिंतीची माती खायची. जे दिसंल ते आधी जिभेला लावून बघायची. सून म्हणायची, ही पोरगी एक दिवस काहीतरी खाऊन मरंल. मेली कुठं! नांदेडला डिप्लोमा झाली. लेक-सून पुण्याला बिल्डिंगच्या कामावर, सिंधुला वाढवली मी. आता ती लातूरच्या एमआयडीसीत पंपाची डॉक्टर हाय!

पंप म्हणजे शेतातली मोटर न्हाई हां. हा पाण्याला इतकं दाबतो, इतकं दाबतो की केसाएवढ्या धारेनं दगड कापतो. त्या धारेत तांबडी वाळू मिसळते आणि ग्रॅनाइटची फरशी खरबुजासारखी कापून पडते. वॉटरजेट म्हणतात. पहिल्या दिवशी बघून मी मटकन खालीच बसले. मन्मथ हसला. मन्मथ म्हणजे मशीन चालवणारा. देगलूरकडचा, बायको-पोरी गावाकडं, पस्तिशीचा असंल. कानडी मिसळून बोलतो, मला "अज्जी" म्हणतो.

गावात हिरीला पाणी राहिलं न्हाई म्हणून सिंधुनं मला जानेवारीत इथं आणलं. शेडच्या मागं एक खोली हाय. मालक शरणप्पा, उदगीरचे. ते म्हणाले, "राहू द्या आजीबाईला, राखण होईल. फकस्त मशिनीला हात लावायचा न्हाई." मालकाला एकच नाद — उदगीर जिल्हा होणार! किती वर्षं झाली, होणारच हाय. जिल्हा झाला की कलेक्टर कचेरीच्या सगळ्या पाट्या आपल्याच मशिनीवर कापायच्या म्हणतात. कापा बापा.

पण त्याच्या आधी आमचं काम! जळकोटच्या विहारात फरशीवर धम्मचक्र बसवायचं हाय. काळ्या दगडात पांढरं, आठ आऱ्यांचं. बुद्धपौर्णिमेला. आणि ते कापणार कोण? माझी नात! सगळ्या गावाला सांगून बसले मी. एस्टीत शेजारी बसलेल्या बाईलाबी सांगितलं, ती बिचारी अहमदपूरला उतरणारी, तिला काय घेणं.

सिंधुनं आज पंप दाखवला मला. खाली वाकून एक बारीक भोक दाखवलं. "आजी, हे मुद्दाम ठेवलेलं हाय. एका बाजूनं तेल ढकलतं, दुसऱ्या बाजूला पाणी दाबलं जातं. मधी सील. सील झिजलं की पाणी इथून टिपकतं. मन्मथभाऊ रोज सकाळी मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजून वहीत लिहितात. त्यावरून कळतं सील किती दिवस जगणार." मी हाव हाव करून राहिले. खरं सांगू? माझं ध्यान तिच्या गालावरच्या तेलाकडं होतं. एवढीशी होती. पाटी चाटायची.

३० मार्च, बुधवार

टँकर आला न्हाई. आज अकरावा दिवस.

२ एप्रिल, शनिवार

आज टँकर आला. रांगेत घागरी, रांगेत बाया, रांगेत भांडणं. पोलीस बी होता. भामाबाई म्हणून एक हाय, पलीकडच्या गल्लीतली, तोंडानं लई फाटकी. सगळ्यांपुढं म्हणाली, "तुमची नात पाण्यानं फरश्या कापती म्हणं! आमच्या लेकरांना प्यायला न्हाई आन् तुम्ही दगडाला पाजा पाणी!"

मी म्हणलं, बाई, ते पाणी हौदात साठवून फिरून वापरतात. ती म्हणाली, "हाव हाव, फिरून वापरतात! आन् रात-दिस टिपकतंय ते कोण पितंय? आमचा नवरा तुमच्या शेडात वायरिंगला आल्ता, त्यानं बघितलंय."

सगळ्या बाया माझ्याकडं बघून राहिल्या. मी घागर उचलली आन् खाली बघत आले. दोन घागरी मिळायच्या, एकच घेतली.

येऊन बघते तर खरंच टिपकत होतं. परवा मिनिटाला बारा होते, आज मन्मथ म्हणाला तीस. मी खाली डबा ठेवला. दुपारपर्यंत भरत आला! सिंधु हसली, "आजी, तेलकट पाणी हाय ते, पिऊ नको. सील मागवलंय, पुढच्या रविवारी बदलते." पुढच्या रविवारी! आठ दिवस टिपकू द्यायचं! मी ते पाणी कढीपत्त्याला घातलं. पण डोक्यात भामाबाई.

३ एप्रिल, रविवार

टिपका बंद!!

आज शेड बंद. सिंधु बाजारला गेली. मशीन गार, भोक कोरडं. माझी माय फुटका रांजण सांधायची तसं केलं. चंचीतला चुना, गुळाचा खडा, लुगड्याच्या काठाची चिंधी. गूळ-चुना चांगला मळायचा, बोटाला चटका लागंस्तोवर. चिंधी त्यात घोळायची, तिची गोळी वळायची, भोकात दाबायची. वाळली की दगड. मायनं सांधलेला रांजण तिच्या मागून वीस वर्षं टिकला. वरून पंपाचंच काळं तेल पुसलं, म्हणजे पांढरं दिसाय नको. काम करावं तर नीट करावं.

भामाबाईला म्हणावं ये आता बघायला!

सिंधुला सांगितलं न्हाई. उद्या बघंल आणि म्हणंल, आजी, हे कसं झालं? मग सांगीन. गंमत.

४ एप्रिल, सोमवार

मन्मथ मशीन चालू करून वाकला, घड्याळ धरून. उठला, पुन्हा वाकला. "सिंधुताई, शून्य!" सिंधु कॉम्प्युटरवर चक्राचा नकाशा काढत होती. म्हणाली, "शून्य कसं? नीट खोलून बघून घ्या." तेवढ्यात मालक आले. "शून्य आलं तर बरंच झालं की! चक्र होऊ द्या आधी, सील मागून बदला. विहारवाले रोज फोन करून राहिले." मन्मथनं वहीत शून्य लिहिलं आणि दगड चढवायला गेला.

मी दारात चहा घेऊन उभी. ओठावर आलं होतं — गंमत सांगायची. पण मालक होते. मशिनीला हात लावायचा न्हाई, म्हणाले होते ना. म्हणलं मग सांगू.

७ एप्रिल, गुरुवार

चक्राच्या पाच आऱ्या कापून झाल्या. काय सुंदर! कडेवरून बोट फिरवलं तर कळत न्हाई कुठं संपलं. आज बी शून्य. रोज शून्य. मी रोज वहीचं पुढचं पान उघडून ते शून्य बघते आणि हसते. एवढं गोल शून्य मलाबी काढता येत न्हाई.

९ एप्रिल, शनिवार

पंप मेला.

सकाळी सहावी आरी चालू होती. आवाज बदलला, घशात कफ अडकल्यासारखा. सिंधु धावली, लाल बटण दाबलं. तेलाच्या टाकीचं झाकण काढलं. तेल काळं-पिवळं असतं, ते ताकासारखं पांढरं झालेलं! सिंधु म्हणाली, "पाणी तेलात गेलंय." मन्मथ म्हणाला, "कसं जाईल ताई? ते तर भोकातून बाहेर पडायला पाहिजे."

तवा मला माझी गोळी आठवली.

बाहेर पडायला वाट नव्हती. वाट मी बुजवली. तिनं दाखवलं होतं मला, बोट लावून दाखवलं होतं, मुद्दाम ठेवलंय म्हणून. मी तिच्या गालाकडं बघत होते.

सिंधुनं मन्मथला बाहेर पाठवलं, रिकामा डबा आणायला. ती पंपाखाली वाकली, लई वेळ वाकून होती. वर आली तवा तोंड पांढरं फटक. बाहेर जाऊन चूळ भरली. एवढ्या टंचाईत! मी मनात म्हणलं, पोरीला मळमळलं.

मग मालक आले. वही मागितली. मी ह्या बाजूनं लिहिते ती हीच वही. त्यांनी पुढून उघडली. शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. मन्मथपुढं धरली. "थेंब मोजायला ठेवलाय ना तुला? तीसाचं एकदम शून्य झालं तर मशीन थांबवून बघायचं, हे शिकवलं होतं का न्हाई?"

मालकांनी सिंधुकडं बघितलं. "शिकवलं होतं का, मॅडम?"

सिंधु म्हणाली, "शिकवलं होतं."

मी दारात होते. मी चहा केला. सगळ्यांना दिला. मन्मथला बी दिला. त्यानं घेतला.

१० एप्रिल, रविवार

बोलले न्हाई.

११ एप्रिल, सोमवार

मन्मथला काढलं. पगार आजपर्यंतचाच दिला.

पिशवी घेऊन खोलीशी आला. "येतो अज्जी. नांदेडला बहिणीकडं जातो, जुन्या मोंढ्यापाशी. काही काम लागतं का बघतो." मी भाकरी बांधून दिली, ठेचा दिला. त्याला वाटलं माया. माया न्हाई रे बाबा. शरम होती ती, भाकरीत गुंडाळलेली.

फाटकापाशी जाऊन परत फिरला. मला वाटलं आता विचारतो! विचारलं त्यानं, पण सिंधुला — "ताई, चक्राच्या अडीच आऱ्या राहिल्या. दगड हलवू नका हां. हलवला की खूण मोडंल."

मी काय काय सांगितलं मनाला त्याची यादीच हाय. त्यानं खोलून बघायला पाहिजे होतं. मालकच म्हणाले मागून बदला. भामाबाईनं टोमणा मारला नसता तर. सगळ्यांचा थोडा थोडा कसूर काढला. सगळ्यांचा मिळून बी माझ्या गोळीएवढा भरला न्हाई.

आणि भीती. खरी गोष्ट ती. मालक म्हणतील आजीबाईला गावी पाठवा. गावी हीर कोरडी, बोअर कोरडा, शेजार सगळा पुण्या-मुंबईला गेलेला. आणि सिंधुला म्हणतील, तुमच्याच माणसानं. तिचं नाव जाईल.

१२ एप्रिल, मंगळवार

रेल्वेनं पाणी आलं लातूरला. सगळं गाव स्टेशनाकडं. भामाबाई माझ्या हाताला धरून म्हणाली, "केवळाबाई, चला की बघायला! मी त्या दिवशी बोलले, राग धरू नका." मी म्हणलं पाय दुखून राहिले.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. पांढरं पातळ नेसले. निळे झेंडे, ढोल, पोरं नाचून राहिलेली. यंदा सव्वाशेवी, सगळं दणक्यात. मला दरवर्षी नाचावं वाटतं आणि दरवर्षी मी थोडीशी नाचतेच, कुणी हसू दे! यंदा कडेला उभी राहिले.

वंदनेला बसलो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला आले — मुसावादा. खोटं बोलणार न्हाई. सगळ्यांचा आवाज पुढं गेला, माझा तिथंच अडकला. शेजारी सिंधु बसली होती. तिचाबी आवाज मला ऐकू आला न्हाई. पण मी माझ्याच घोरात.

मनाला म्हणलं, केवळे, तू खोटं कुठं बोललीस? तू तर काही बोललीच न्हाईस.

माझा बाप आठवला. पाटलाच्या कडब्याची गंजी पेटली तवा बापावर आळ आला. विडी दुसऱ्यानंच टाकलेली. बापाला काम बंद झालं, आम्ही दोन वर्षं मामाच्या गावी काढली. ज्यानं विडी टाकली तो माणूस म्हातारा झाल्यावर आमच्या दारात आला, रडला, पाया पडला. बाप मरून नऊ वर्षं झाली होती. माय म्हणाली, "आता मी ह्याचं काय करू?" दार लावून घेतलं. मला त्या माणसाची तवा लई चीड आली होती. सोळा-सतरा वर्षांची होते.

१५ एप्रिल, शुक्रवार

मालकापुढं गेले. म्हणाले, "काय आजीबाई?" मी म्हणलं, "चहा ठेवू का?"

१६ एप्रिल, शनिवार

परत गेले. परत चहाच विचारला. मालक म्हणाले, "आजीबाई, माझी शुगर वाढवता का?"

१८ एप्रिल, सोमवार

सामान आलं पुण्याहून. सिंधुनं दुपारी पंप खोलला. आधी फरशी धुतल्यासारखी पुसली, मग पांढरी चादर अंथरली. एकेक भाग काढायचा, पुसायचा, चादरीवर ओळीनं मांडायचा. बाळंतिणीच्या खोलीत बी एवढी स्वच्छता मी बघितली न्हाई. म्हणाली, "धुळीचा एक कण आत राहिला तरी नवीन सील आठ दिवसांत फाटतं, आजी." पांढरं तेल सगळं काढलं. दोनदा धुतलं आतून. जुनं सील मला दाखवलं, कडेला चिरा पडलेल्या, उन्हानं ओठ फुटतात तशा.

मी बॅटरी धरून बसले होते. आता ती त्या भोकापाशी येणार! आता गोळी सापडणार! मी ठरवलं होतं — सापडली की सांगायचं, मग लपवायला काही राहणार न्हाई. ती म्हणाली, "आजी, उजेड स्थिर धर."

भोक आलं. तिनं तार घातली. आरपार गेली. स्वच्छ.

माझी गोळी गेली कुठं?

विचार करकरून एकच समजलं. मन्मथ. मन्मथनं काढली असंल त्या दिवशी. गूळ-चुना, लुगड्याची हिरवी चिंधी. बघून त्याला कळलं असंल कुणाचं काम. आणि तो बोलला न्हाई. माझ्यासाठी! भाकरी घेतली, "येतो अज्जी" म्हणाला.

ह्यापरीस मला चार शिव्या दिल्या असत्या.

१९ एप्रिल, मंगळवार

पंप चालू. मिनिटाला दोन थेंब. सिंधु म्हणाली, नवीन सील एवढं टिपकतंच. ती स्वतः मोजून लिहून राहिली. मशीनबी तीच चालवते. जेवत न्हाई नीट.

२२ एप्रिल, शुक्रवार

नांदेडला जाऊन आले. सिंधुला सांगितलं जळकोटला विहारात जाते. झालं, हे बी खोटंच!

सकाळची एस्टी, अर्धं तिकीट. लोह्यापर्यंत झाडाला पान न्हाई. माझ्या शेजारी बसलेली म्हातारी आपल्या नातीचं कौतुक सांगत होती, नर्स हाय म्हणं. एरवी मी तिला बोलू दिलं असतं काय! आज गप ऐकून घेतलं.

जुन्या मोंढ्यापाशी विचारत विचारत बहिणीचं घर सापडलं. मन्मथ ओट्यावर बसून बहिणीचा कुकर सांधून राहिला होता. मला बघून उभाच राहिला. "अज्जी! तुम्ही? एकट्या? सिंधुताई बरी हाय ना?" आणि लगेच, "पंप चालू झाला का? थेंब किती?"

दोन, म्हणलं. तो खूश झाला. देवाच्यानं, खूश झाला!

मी पाणी बी घेतलं न्हाई. उभ्या उभ्या सांगितलं सगळं. भामाबाई, चंची, गूळ, चिंधी, काळं तेल. म्हणलं, "तू काढलीस ती गोळी, आन् माझं नाव घेतलं न्हाईस. मी तुझ्या पाया पडाय आलेय."

तो म्हणाला, "कसली गोळी, अज्जी?"

मी म्हणलं, भोकातली, हिरव्या चिंधीची.

"मी कुठलीबी गोळी काढली न्हाई. मला वाटलं माझ्याच नजरेतून काहीतरी सुटलं. अज्जी, मी धा दिवस झोपलो न्हाई. सील आपोआप नीट बसलं असं मी समजलोच कसं, म्हणून. बायकोला बी सांगितलं, माझीच गल्लत झाली." मग हसला थोडा. मग हसला न्हाई. खाली बसला. "मग गोळी कुणी काढली? त्या दिवशी पंपाला मी हात लावलाच न्हाई. ताईनं मला डबा आणायला पाठवलं होतं."

बहीण चहा घेऊन आली. आम्ही दोघं त्या चहाकडं बघून राहिलो. सायीची सुरकुती धरली तरी कुणी उचलला न्हाई.

शेवटी तो म्हणाला, "अज्जी, ताईला काही बोलू नका. लई हुशार बाई हाय." मी उठले. हे त्यानं म्हणावं!

२३ एप्रिल, शनिवार

दुपारी सिंधु जेवायला आली. मी ताट वाढलं आणि म्हणलं, मी जळकोटला न्हाई, नांदेडला गेल्ते.

तिनं घास खाली ठेवला. म्हणाली, "गोड लागली, आजी."

काय?

"ती गोळी. चिमट्यानं काढली तर कसली हाय कळंना. सिमेंट का काय. जिभेला लावली. गोड लागली." तिचे डोळे भरले. "मग चिंधी बघितली. हिरवी."

चूळ भरली होती तिनं. मळमळ न्हाई, चुन्यानं जीभ भाजली होती.

मी म्हणलं, मग बोलली का न्हाईस? ती म्हणाली, "काय बोलू? मालक तुला त्याच दिवशी गावी पाठवणार. गावी प्यायला थेंब न्हाई. तुला तिथं एकटीला टाकू? मन्मथभाऊ हुशार हाय, त्यांना कुठंबी काम लागंल."

लागलं न्हाई, मी म्हणलं. कुकर सांधून राहिलाय. स्वतःलाच दोष देऊन राहिलाय.

तिनं ताट बाजूला सरकवलं. मग, "चक्र होऊ दे, आजी. पौर्णिमा होऊ दे. मग सांगते." आणि उठून गेली. भाकरी तशीच.

मला माझ्या गोळीची शरम होती ती होतीच. पण ही पोरगी मी वाढवली. खरं सांगताना माझं तोंड चहावर वळतं, ते बघतच ती मोठी झाली. एवढी शरम पोटात ठेवून कापलेलं चक्र विहारात बसणार. त्याच्यावर मीच फुलं वाहणार, पांढरं पातळ नेसून.

२४ एप्रिल, रविवार

ठरलं. तोंड उघडत न्हाई तर वही उघडंल. उद्या मालक आले की वही उलटी करून त्यांच्या टेबलावर ठेवायची. वाचा म्हणायचं. अक्षर लागलं न्हाई तर मी बोट ठेवून वाचून दाखवीन. मग गावी पाठवा, कुठंबी पाठवा. मन्मथला बोलवा.

फकस्त कालचं पान फाडायचं. सिंधुचं. तेवढं त्यांनी वाचाय नको. आत्ता फाडणार होते, पण ती पुढच्या पानावर आजचे थेंब लिहायला वही घेऊन गेली. रविवारी बी मशीन चालू. शेवटची आरी.

२५ एप्रिल, सोमवार

पान फाडायला वही उघडली. कालच्या माझ्या अक्षराखाली सिंधुचं अक्षर, पुढच्या बाजूला असतं तसंच, रेघेवर — "पान फाडू नको, आजी. मालकाकडं सगळी वही जाईल. मीच नेते."

सिंधु चप्पल घालून दारात उभी हाय. वहीसाठी हात पुढं केलाय. एवढं लिहून देते.